वर्धन आणि क्षेपण : चाकांवरच्या आवाजाचा इतिहास

मराठीत 'लाऊडस्पीकर'ला दोन प्रतिशब्द आहेत : ध्वनिवर्धक आणि ध्वनिक्षेपक. वर्तमानपत्रांत ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात आणि त्यामुळे वाचकाचे काही अडत नाही. आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांना मात्र त्यांतला फरक स्वस्थ बसू देत नाही. वर्धन म्हणजे वाढवणे, क्षेपण म्हणजे फेकणे. पहिले काम ॲम्प्लिफायरचे, दुसरे भोंग्याचे. वाढवायला वीज पुरते. फेकायला दिशा लागते, आणि समोर कोणीतरी ऐकणारा असावा लागतो.

हा फरक केवळ कोशातला नाही. नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे आम्हा नागपूरकरांच्या 'बर्डी'त, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांवर अलीकडे एक नवे गिऱ्हाईक दिसते. सुटीच्या दिवशी पेंच किंवा चिखलदरा आणि वर्षाकाठी एकदा लडाख गाठणारा हा मोटारसायकलस्वार असतो. गाडीवरचा जुना स्पीकर काढून त्याला मोठा बसवायचा असतो, ॲम्प्लिफायर बदलायचा असतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, किती वॅटचा आहे हा?" आवाज कुठे जाईल, कोणाला ऐकू येईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रश्न वर्धनाचा असतो, क्षेपणाचा नसतो. चाकांवर बसवलेल्या आवाजाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा क्षेपणाकडून वर्धनाकडे झालेला प्रवास आहे, आणि त्या प्रवासात आपण काही गमावले आहे, असे आम्हाला वाटते.

१

यंत्राच्या आधी दवंडी होती. दवंडी पिटणारा गावातून फिरे, ठरावीक नाक्यांवर थांबे, आधी डफ वाजवी आणि मग मजकूर सांगे. डफाचे काम लोकांचे लक्ष वेधण्याचे. अर्थ सांगण्याचे काम शब्दांचे. आवाजाची मर्यादा पायांनी भरून काढलेली असे. एका जागी उभे राहून गाव जिंकता येत नाही, म्हणून आवाजच गावातून फिरवायचा, ही त्यामागची साधी युक्ती. पुढे आवाज चाकांवर चढला तो याच युक्तीच्या जोरावर.

मोठ्या सभांना ही युक्ती लागू पडत नसे. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब करणारे हे अधिवेशन. त्याला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते, आणि काँग्रेसनगर या वस्तीचे नाव त्याचीच आठवण सांगते. भारतातल्या सभांत तेव्हा ध्वनिवर्धक रूढ झालेला नव्हता. वक्त्याची छाती हेच यंत्र. खणखणीत आवाज ही त्या काळातल्या पुढारीपणाची एक अटच होती, आणि ज्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नसे त्याचे म्हणणे पुढच्या रांगांनी मागे कळवावे लागे.

यंत्र मात्र तोवर जन्माला आले होते. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा तंत्रज्ञ आणि एडविन प्रिडहॅम हा त्याचा अमेरिकन सहकारी, या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या नापा गावी चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला भोंगा जोडला आणि १९१५ मध्ये त्याची जाहीर प्रात्यक्षिके केली. या यंत्राला त्यांनी नाव दिले 'मॅग्नाव्हॉक्स', लॅटिनमध्ये 'थोर आवाज'. १९१९ च्या सप्टेंबरात सॅन डिएगोच्या मैदानावर अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन हजारोंच्या समुदायापुढे याच यंत्रातून बोलले. वक्त्याची छाती आणि वक्त्याचे म्हणणे यांची फारकत तिथे झाली.

पुढे या यंत्राच्या दोन शाखा झाल्या. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये कागदी शंकूचा, भोंगा नसलेला स्पीकर शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. घरातल्या रेडिओत गेला तो हा शंकू. मैदानावर आणि रस्त्यावर राहिला तो भोंगा. या दोघांतला फरक समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही, म्हणून थोडे आकडे देतो.

भोंग्याला एक वॅट वीज दिली तर एक मीटर अंतरावर साधारण १०५ ते ११० डेसिबलचा आवाज मिळतो. तीच वीज शंकूच्या साध्या स्पीकरला दिली तर ८८ ते ९० डेसिबल. फरक वीस डेसिबलच्या आसपासचा. डेसिबलचे माप असे आहे की दर दहा डेसिबलला वीज दहापट लागते. म्हणजे भोंगा जे काम एका वॅटमध्ये करतो त्यासाठी शंकूला सुमारे शंभर वॅट लागतात. कारण उघड आहे. भोंगा पडद्याची हालचाल हवेला सावकाश, चढत्या रुंदीच्या नळीतून सोपवतो आणि सगळा आवाज एका दिशेला लोटतो. शंकू हवेला नुसता ढकलतो, आणि दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णता होऊन जातो. भोंग्याला याची किंमत मोजावी लागते. खर्ज त्याला जमत नाही आणि अतितार स्वरही जमत नाहीत. माणसाचे बोलणे ज्या मधल्या पट्ट्यात राहते तेवढाच पट्टा तो चोख फेकतो. भोंगा हे स्वभावतः शब्दाचे यंत्र आहे.

२

आपल्याकडे चाकांवर आधी चढला तो हा शब्दाचा भोंगा. बर्डीच्या व्हरायटी चौकाला ज्याचे नाव मिळाले ते एक चित्रपटगृह. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये मराठी 'अयोध्येचा राजा' आल्यावर चित्रपटगृह ही शहरातली पहिली अशी जागा झाली जिथे सामान्य माणसाच्या कानावर वाढवलेला आवाज नियमाने पडू लागला. त्या चित्रपटांची जाहिरात टांग्यातून, हातगाडीवरून, पुढे सायकलरिक्षातून होई. फलक दोन्ही बाजूंना, मध्ये बॅटरी आणि ॲम्प्लिफायर, वर भोंगा, आणि आत माईक धरून बसलेला निवेदक. दवंडीवाल्याचाच हा यंत्रयुगातला वारस. डफाची जागा गाण्याच्या तबकडीने घेतली एवढेच. १९४० साली सुरू झालेल्या 'आहुजा'सारख्या देशी कंपनीचे नाव तर पुढे भोंग्यांवर आणि ॲम्प्लिफायरवर इतके सर्वत्र दिसू लागले की मंडपवाल्यांच्या बोलीत ते वस्तूचेच नाव होऊन बसले.

त्या काळचा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा. त्याला शेकडो व्होल्ट लागत, आणि बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांपासून ते तयार करण्याचा खटाटोप वेगळा. हे सगळे वजन आणि ही सगळी झीज सोसून हाती येत दहा, वीस, फार तर तीस वॅट. पण भोंगा होता, त्यामुळे तेवढ्यात बाजार भरत असे. विजेच्या टंचाईने त्या पिढीला क्षेपण शिकवले होते. भोंग्याचे तोंड कुठे वळवायचे, किती उंचीवर बांधायचा, कोणत्या नाक्यावर रिक्षा थांबवायची, हे निवेदकाला ठाऊक असे. नाहीतर बॅटरी उतरे आणि मजकूर मात्र कोणाला कळत नसे.

क्षेपणाचा अर्थ किती खोल जाऊ शकतो याचे नागपूरने पाहिलेले सर्वांत मोठे उदाहरण १९५६ च्या ऑक्टोबरातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवसांत बर्डीतल्याच श्याम हॉटेलात उतरले होते. १४ ऑक्टोबरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर, आजच्या दीक्षाभूमीवर, त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. प्रतिज्ञा ही नुसती ऐकायची गोष्ट नसते. ती ऐकून स्वतःच्या तोंडाने उच्चारायची असते. एक शब्द जरी मध्येच हरवला तरी ती पुरी होत नाही. म्हणून त्या मैदानावर प्रश्न आवाज मोठा असण्याचा नव्हता. शेवटच्या माणसापर्यंत शब्द शब्दाच्या रूपात पोचण्याचा होता. थकलेल्या प्रकृतीच्या, जेमतेम दोन महिन्यांचे आयुष्य उरलेल्या त्या वक्त्याकडे तेवढी छाती उरली नव्हती. ध्वनिक्षेपकाने ती उणीव भरून काढली. यंत्राचा याहून थोर उपयोग आमच्या शहराने पाहिलेला नाही.

३

मग हळूहळू शब्दाची जागा गाण्याने घेतली. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, विविध भारती १९५७ मध्ये. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेला ट्रान्झिस्टर साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे सायकलच्या हँडलला लटकू लागला. रेडिओ बाळगायला तेव्हा सरकारी परवाना लागे; तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला. सायकलवरून जाणाऱ्या दूधवाल्याचा ट्रान्झिस्टर ही आपल्याकडची पहिली खरी 'स्वतःसाठी' वाजणारी फिरती यंत्रणा. पण तिचा आवाज एवढा लहान, की रस्त्यावरच्या माणसाला गाण्याची ओळ ओझरती कानी पडावी आणि पुढची ओळ त्याने स्वतःच मनात पुरी करावी.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि ऑटोरिक्षाच्या मागच्या सीटमागे दोन शंकू बसले. कॅसेटने आणखी एक मोठे काम केले : रेडिओच्या दारात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना आवाज दिला. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांची परंपरा, गावोगावच्या गायकांची भीमगीते, कव्वाल्या, वऱ्हाडी गाणी ऑटोतून आणि जीपगाड्यांतून विदर्भभर फिरली. दीक्षाभूमीच्या वाटेवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कॅसेटची, पुढे सीडीची आणि मग पेनड्राइव्हची दुकाने लागू लागली. चाकांवरच्या गाण्याकडे केवळ गोंगाट म्हणून पाहणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. ज्याला सभागृह मिळाले नाही त्याला रस्ता मिळाला. तरी त्यातही बोल ऐकू जावेत हा आग्रह होता. कारण गाण्यातून काही सांगायचे होते.

नव्वदनंतर ट्रान्झिस्टरी ॲम्प्लिफायर स्वस्त झाले, वॅट शेकड्यांनी आणि मग हजारांनी मोजले जाऊ लागले. ट्रकवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. भोंगा बाद झाला, कारण त्याला खर्ज जमत नव्हता आणि आता खर्जच हवा होता. खर्जाला दिशा नसते. तो सगळीकडे पसरतो, भिंतीतून जातो, छातीवर बसतो. शब्द त्यात बुडून जातो. वर्धनाने क्षेपणावर मिळवलेला हा विजय होय.

४

मोटारसायकलीवरचा आवाज या कथेत बाहेरून आला. मोटारीत रेडिओ बसवण्याचा धंदा शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी १९३० मध्ये जमवला आणि 'मोटोरोला' हे नाव त्यातूनच निघाले. मोटारसायकलीला काच नाही, छत नाही, जागा नाही. १९७५ मध्ये होंडाने काढलेली पहिली 'गोल्डविंग' उघडीच होती. १९८० च्या 'इंटरस्टेट' मॉडेलला कारखान्यातूनच वाऱ्याची ढाल, म्हणजे फेअरिंग, मिळाली आणि तिच्यात स्पीकर बसवण्याची सोय झाली. हार्ले-डेव्हिडसनच्या वटवाघळाच्या पंखांसारख्या फेअरिंगनेही पुढे तेच केले. अमेरिकेच्या लांबच लांब, निर्मनुष्य रस्त्यांसाठी काढलेली ही सोय. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेल्या बुलेटला अशी ढाल नव्हती. तिचा स्वतःचा ठोका हेच तिचे संगीत, असे तिचे भक्त मानत. हार्ले २०१० च्या सुमारास भारतात विकली जाऊ लागली, आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींनी बाकीचे काम केले. आता बुलेटवर आणि तिच्या भावंडांवरही पेट्या चढतात.

इथे पुन्हा हिशेबाकडे यावे लागते. चालत्या मोटारसायकलीच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्या दाबातून, ब्रिज पद्धतीची जोडणी करूनही, जास्तीत जास्त सव्वीसेक वॅटचा शुद्ध स्वर मिळू शकतो. ओहमचा नियम कोणत्याही कंपनीच्या खोक्यावरच्या आकड्याला भीक घालत नाही. त्याहून अधिक हवे असेल तर ॲम्प्लिफायरच्या आत दाब वाढवणारे मंडल लागते, आणि ती वीज शेवटी इंजिनावरच्या स्टेटरकडूनच यायची. साध्या मोटारसायकलीचा स्टेटर दोन-तीनशे वॅटच्या घरातला. त्यातून दिवा, प्रज्वलन, इंधनपंप चालायचे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही बंद करता येत नाही. उरले ते स्पीकरचे. 'क्लास डी' जातीचे नवे ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग स्पीकरला पोचवतात, जुने निम्म्याच्या आसपास. तेव्हा हा बदल खरोखर उपयोगी आहे. बॅटरीलगत फ्यूज आणि किल्लीबरोबर बंद होणारा रिले लावला नाही, तर मात्र एके सकाळी गाडी सुरूच होत नाही.

आणि मिळते काय? वीस वॅटचे चाळीस केले तर तीन डेसिबल वाढतात. कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज 'दुप्पट' वाटायला वीज दहापट लागते. उलट चार डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर निवडला तर अडीचपट ॲम्प्लिफायर घेतल्याचे फळ फुकट पदरात पडते. स्पीकरचा रोख कानाकडे वळवला, त्याच्या मागची पोकळी नीट बंद केली, वाऱ्याची ढाल उंच केली, तर त्याहूनही अधिक. पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे 'किती वॅट'चे, महत्त्व इतके थोडे आहे. सायकलरिक्षातल्या निवेदकाला हे पुस्तकाशिवाय कळत होते.

५

वाऱ्याचा हिशेब याहून कठोर आहे. हेल्मेटच्या आत, कानाशी, ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ९० डेसिबल आणि १६० ला ११० च्या आसपास गोंगाट असतो, असे मोजमाप झालेले आहे. इंजिनाचा आवाज त्यापुढे मागे पडतो. हा गोंगाट वाऱ्याच्या भोवऱ्यांचा. व्यावसायिक आरोग्याचा सर्वमान्य दंडक असा की ८५ डेसिबल रोज आठ तास चालतील, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होईल. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे.

नागपूरहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. समृद्धी महामार्ग नागपुरापासूनच सुरू होतो, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. पण दुचाकीला त्यावर मज्जाव आहे. तेव्हा मोटारसायकलस्वार जुन्याच रस्त्याने निघतो. ताशी ८० च्या वेगाने कोंढाळी मागे पडते न पडते तोच त्याच्या कानांचा दिवसाचा वाटा बहुतेक संपलेला असतो, आणि तोही स्पीकर बंद ठेवून. या गोंगाटाच्या वर गाणे ऐकायचे म्हणजे गाणे त्याच्या बरोबरीला किंवा वर न्यायचे. सकाळी लावलेला आवाज संध्याकाळी कमी वाटतो, कारण कान तात्पुरता बधिर झालेला असतो. मग तो आणखी वाढवायचा. काही महिन्यांनी पुन्हा दुकान, पुन्हा मोठा ॲम्प्लिफायर. अशा रीतीने वर्धन स्वतःचीच मागणी निर्माण करते. आतल्या कानातल्या ज्या केसांसारख्या पेशी यात जातात त्या माणसाला पुन्हा उगवत नाहीत. ज्याच्यासाठी ही सगळी खटपट केली ते गाणेच, आणि त्यातली बारीक मींड, बारीक हरकत, आधी हातची जाते.

रस्त्यावरच्या इतरांचे काय? १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी व्यापारी भागाला दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा घातली, निवासी भागाला ५५ आणि ४५. ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी हवी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर नको, असेही ते नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात त्यांना बळ दिले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांना आवर घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झाले. मोटारसायकलीवरचा स्पीकर मात्र या सगळ्यांच्या मधल्या फटीत राहतो. तो सभेचा नाही म्हणून परवाना मागत नाही. घरातला नाही म्हणून दार लावून घेता येत नाही. मालकी खासगी, आवाज सार्वजनिक.

प्रचाराच्या रिक्षाने आमच्या दुपारच्या झोपा मोडल्या आहेत. तिच्याबद्दल आम्हाला भाबडे प्रेम नाही. तरी तिला आम्ही 'बंद कर' म्हणून ओरडू शकत होतो, कारण ती आमच्याशी बोलत होती. मोटारसायकलीवरच्या स्पीकरला तसे काही सांगता येत नाही. त्याचा श्रोता एकच, आणि तो हेल्मेटमध्ये. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो सांडलेला आवाज. त्या एका श्रोत्यालाही तो धड ऐकू येत नाही, ही त्यातली शोकांतिका.

आमचा विरोध गाण्याला नाही आणि लांबच्या वाटेवर गाण्याची सोबत हवीशी वाटण्यालाही नाही. हेल्मेटच्या आत बसणारे लहान ब्लूटूथ स्पीकर एका वॅटच्याही खाली काम भागवतात, कारण अंतर मीटरात नव्हे तर बोटांत मोजायचे असते. उंच ढाल, नीट बसणारे हेल्मेट आणि कमी ठेवलेला आवाज, हे क्षेपणच आहे. ज्याला ऐकायचे त्याच्याकडे, आणि तेवढ्याच अंतरापर्यंत. समोरून येणारा ट्रक आणि मागून दिलेला हॉर्न ऐकण्याइतका कान मोकळा राहिला पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंतचा बर्डीचा मुख्य रस्ता आजही आवाजांनी भरलेला असतो. फेरीवाले गिऱ्हाइकाला हाका घालतात, डोक्यावरून मेट्रो जाते, खाली हॉर्न चालूच असतात. त्या गर्दीत कोणी ओळखीचे दिसले तर आम्ही नागपूरकर त्याला 'आवाज देतो'. हाक मारण्याला आमच्या बोलीत हाच शब्द आहे : आवाज देणे. आवाज ही कोणालातरी द्यायची वस्तू आहे, घेणारा असल्याशिवाय देणे पुरे होत नाही, हे त्या क्रियापदाने गृहीत धरले आहे. 'आवाज करणे' ही आपल्या भाषेतली निराळी गोष्ट, आणि वर्गात आम्ही ज्याबद्दल मुलांना दटावतो ती तीच. नव्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर कितीही वॅट छापलेले असोत, तो या दोहोंपैकी कोणते काम करणार आहे हे त्यावर छापता येत नाही. ते बसवणाऱ्याने ठरवायचे असते.